डॉक्टर होणाऱ्यांची जागल

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. (कुठल्या महाविद्यालयात ते लिहायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे.) सोबत एक छापील कागद घेऊन आली. म्हणाली, "आबा, याचं मराठी जरा सोपं करून द्या ना. आमच्या मेसच्या मावशींना आणि वॉर्डातल्या मामांनाही विचारायचंय."

कागद झोपेविषयी होता. गेल्या महिन्याभरात रात्री किती वाजता आडवे झालात, डोळा लागायला किती मिनिटं लागली, प्रत्यक्ष झोप किती तास झाली, झोपेची गोळी घ्यावी लागली का, गाडी चालवताना किंवा जेवताना डोळे मिटायला लागले का... असे १९ प्रश्न. याला म्हणे पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स म्हणतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८९ साली तो प्रसिद्ध केला आणि आज जगभर वापरतात. उत्तरांवरून ० ते २१ असे गुण पडतात आणि ५ च्या वर गेलात की तुमची झोप बिघडलेली समजायची. आयुष्यभर गुण देण्याचं काम केलं, पण कमी गुणवाल्याला शाबासकी देणारी परीक्षा ही पहिलीच पाहिली!

मी विचारलं, "तुला किती पडले गं?"

"अकरा," ती म्हणाली. आणि हसून पुढे, "आमच्यात अकरा म्हणजे बरे आहेत आबा."

तिचं ते हसणं काही माझ्या मनातून जाईना. जी मुलं लोकांना "वेळेवर झोपत जा" असं सांगणार आहेत, त्यांच्यातच झोप मोडणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट कधीपासून झाली? रिकामा मास्तर दुसरं काय करणार, महिनाभर हेच वाचत बसलो. वाचताना जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात आमच्या अंबाजोगाईपासूनच करतो. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही मोमिनाबाद. निजामाच्या काळात इथे घोडदळाची छावणी होती. गाव तसं देवीचं आणि ग्रंथांचं. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथली, दासोपंतही इथलेच. दासोपंतांची पासोडी तुम्हाला ठाऊक असेल. कागद सोडून त्यांनी चांगल्या लांबरुंद पासोडीवर ग्रंथ लिहून काढला. म्हणजे आमच्या गावात पांघरुणाचासुद्धा उपयोग झोपण्यापेक्षा लिहिण्याकडे जास्त झाला म्हणायचा!

अशा या गावात १९७४-७५ साली स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधी ते शिक्षक होते आणि १९३५ नंतर काही वर्षं त्यांनी अंबाजोगाईच्याच शाळेत काम केलं, हे पुढच्या पिढीला सांगावं लागतं. १९७२ च्या जानेवारीत ते गेले. एका शिक्षकाचं नाव दवाखान्याला मिळालं याचं मला मास्तर म्हणून कौतुक आहे. "आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय" असं आम्ही अंबाजोगाईकर छाती फुगवून सांगतो. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे लोक मात्र हे ऐकून नुसते हसतात, कारण त्यांचं महाविद्यालय १९६९ चं. सरकारी आणि संस्थेचं असा फरक करून दोन्ही गावांनी आपापला मान राखावा, हे उत्तम.

सेवाग्रामचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो. डॉ. सुशीला नायर यांनी ते उभं केलं. तिथे नवीन आलेल्या मुलांना आधी दोन आठवडे गांधीजींच्या आश्रमात राहायला लावतात. खादी, श्रमदान, प्रार्थना, शाकाहार, दारू-तंबाखू बंद. आश्रमाची जुनी दिनचर्या म्हणजे पहाटे ४ ला उठणं आणि रात्री ९ ला झोपणं. डॉक्टर होणाऱ्यानं राहावं कसं, खावं काय याचा विचार अभ्यासक्रमाच्या दारातच करणारी अशी जागा मला दुसरी दिसली नाही. पण आश्रमातले पंधरा दिवस संपतात आणि पुढे वॉर्ड सुरू होतो. वॉर्डाला रात्री ९ हे काय ठाऊक!

आता जरा मागे जाऊ. आमचा बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. राजधानी हैदराबाद, आणि डॉक्टरकीचं शिक्षणही तिथेच. तिथली वैद्यकीय शाळा १८४६ सालची. (मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, म्हणजे एकाच वर्षाचा फरक.) या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली एक मोठा खटाटोप झाला. वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. क्लोरोफॉर्म दिल्यावर रोगी मरतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा वाद. दुसऱ्या आयोगाचा खर्च निजामानं उचलला, लंडनच्या 'लॅन्सेट'ने आपला माणूस पाठवला, शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले. आयोगानं हृदयाला निर्दोष ठरवलं आणि पुढे तो निष्कर्ष चुकीचा निघाला, ते असो. मला गंमत वाटली ती वेगळीच. रोग्याला झोपवावं कसं यावर राजाचा खजिना खुला झाला. झोपवणारा स्वतः किती झोपला आहे हा प्रश्न मात्र कुणाच्या डोक्यातही आला नाही.

त्याच दशकात आपली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात शिकत होती. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली, तेव्हा वय १८. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेली. बावीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. आपण तिच्या जिद्दीचे धडे मुलांना शिकवतो, शिकवावेतच. पण ती जिद्द कशात होती ते धड्यात नीट येत नाही. तिकडची कडाक्याची थंडी, अंगावर लुगडं, शाकाहार सांभाळायचा म्हणून खाण्याची आबाळ, ढासळती तब्येत, आणि त्यात अभ्यास. आजच्या भाषेत ज्याला जीवनशैली म्हणतात ती हीच. क्षयाचं कारण जंतू हे खरं, पण शरीर झिजलेलं असलं की जंतूला दार उघडं मिळतं, हे आपल्या आज्यांनासुद्धा कळत होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. "रेसिडेंट डॉक्टर" हा शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. मराठीत निवासी डॉक्टर. निवासी का? तर तो दवाखान्यातच राहतो म्हणून! ही पद्धत रुजली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. ते उघडलं १८८९ साली. तिथले मोठे शल्यवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी नियम घालून दिला की शिकाऊ शल्यवैद्यानं रुग्णालयात राहावं, रात्रंदिवस हाकेला ओ द्यावी. माणूस निःसंशय थोर. पण याच हॉल्स्टेडना १८८४-८५ च्या सुमाराला, कोकेन टोचून जागा बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता, त्याचं व्यसन लागलं होतं. ते सोडवायला गेले तर मॉर्फिन लागलं, ते जन्मभर सुटलं नाही. ज्यांच्या हातून ही न झोपण्याची रीत सुरू झाली त्यांची स्वतःची जाग आणि झोप दोन्ही औषधाच्या ताब्यात होत्या, ही इतिहासातली फार चमत्कारिक गोष्ट आहे. ती रीत मग जगभर गेली, आपल्याकडेही आली. व्यसनाची गोष्ट मागे राहिली, रीत राहिली.

आणि रीत एकदा पडली की तिचा धर्म होतो. "आम्ही नाही का छत्तीस छत्तीस तास उभे राहिलो?" हे वाक्य माझ्या नात्यातल्या तीन डॉक्टरांकडून मी ऐकलं आहे. तिघंही भले, कष्टाळू. सासूनं सुनेला सांगावं तसंच हे आहे, दुसरं काही नाही.

या रीतीला पहिला मोठा धक्का न्यूयॉर्कमध्ये बसला. लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ४ मार्च १९८४ च्या रात्री ताप आणि अस्वस्थपणा म्हणून रुग्णालयात दाखल झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. ती आधीपासून घेत असलेलं औषध आणि रात्री दिलेलं इंजेक्शन यांचं जमत नव्हतं. तिला पाहणारी शिकाऊ डॉक्टर त्या रात्री चाळीसेक रोगी एकटी सांभाळत होती. मुलीचे वडील पत्रकार. त्यांनी विषय सोडला नाही. ग्रँड ज्युरीनं डॉक्टरांवर फौजदारी ठेवली नाही, पण व्यवस्थेवर ताशेरे ओढले. मग डॉ. बर्ट्रांड बेल यांची समिती बसली आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात नियम झाला की आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास, त्यापुढे नाही. २००३ साली ८० तासांची मर्यादा सगळ्या अमेरिकेत आली.

ही गोष्ट वाचताना मला आमच्या सौभाग्यवतींची एक रात्र आठवली. पुष्कळ वर्षं झाली. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ती भरती होती, मी खाली सतरंजी टाकून. रात्री साडेतीनला एक कोवळा मुलगा आला, गळ्यात स्टेथोस्कोप. त्यानं विचारलं, "मावशी, उलटी झाली का?" तिनं नाही सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तो खाटेच्या दांडीला टेकला आणि कागदावरचं पेन हळूहळू खाली घसरत गेलं. उभ्या उभ्या झोपला होता पोरगा! मग दचकून जागा झाला आणि हातातलं इंजेक्शन भरायला लागला. तेवढ्यात सिस्टर आल्या, त्यांनी केसपेपरचा नंबर पाहिला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे शेजारच्या खाटेचं आहे." एवढंच. पुढे काही झालं नाही. सौ. घरी आली, आजही ठणठणीत आहे. मी त्याला थर्मासमधला चहा दिला, तो पीत तो म्हणाला, "काका, परवा सकाळपासून आहे." रागावायचं कुणावर ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या पोरावर तर नक्कीच नाही.

परवा सकाळपासून म्हणजे काय, हे समजायला एक प्रयोग फार उपयोगी पडला. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोघांनी माणसं जागी ठेवून आणि दुसऱ्या वेळी दारू पाजून त्यांच्याकडून एकच काम करून घेतलं. सलग १७ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखं वागतो असं निघालं. २४ तास जागल्यावर ०.१० टक्क्यासारखं. आता आपल्याकडचा मोटार वाहन कायदा घ्या. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के दारू सापडली की गाडी चालवायला बंदी. हिशेब तुम्हीच करा. रस्त्यावर ज्याला पोलीस अडवेल, त्याच्या हाती वॉर्डात सुई असते.

२००४ साली बॉस्टनच्या एका अतिदक्षता विभागात हे तपासून पाहिलं. जुन्या लांब पाळ्यांमध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. मात्र एक सांगायला हवं. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत पाळ्या लहान केल्या म्हणून रोग्यांचे मृत्यू कमी झाले असं काही दिसलं नाही. याचं एक कारण असं सांगतात की पाळ्या लहान झाल्या की रोगी एका डॉक्टरच्या हातून दुसऱ्याच्या हाती जास्त वेळा जातो आणि त्या देवाणघेवाणीत काहीबाही निसटतं. मलाही हे पटतं, कारण शाळेत वर्षाच्या मध्ये वर्गशिक्षक बदलला की काय होतं ते पाहिलेलं आहे. पण म्हणून वर्गशिक्षकाला रात्रंदिवस शाळेत कोंडत नाहीत.

आपल्याकडे नियम नाही असं समजू नका. नियम आहे, आणि तो चांगला जुना आहे. ५ जून १९९२ ला केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं निवासी डॉक्टरांसाठी योजना काढली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम आणि एका दमात १२ तासांहून जास्त नाही, आठवड्याची एक सुट्टी पाळीपाळीनं. अमेरिकेचे ८० आणि आपले ४८! वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पण त्याच कागदात कामाची निकड पाहून वेळ लवचिक राहील असंही आहे. आणि "साधारणपणे" हा सरकारी शब्द फार रुंद असतो हो, त्यातून भरलेली बैलगाडी निघून जाते. नातीला विचारलं, तुमच्या सीनियर मुलांना हा कागद माहीत आहे का? ती म्हणाली, "आबा, त्यांना आज वार कोणता तेही माहीत नसतं."

इथपर्यंत झालं ते डॉक्टर झाल्यानंतरचं. नात अजून विद्यार्थिनी आहे, तिला छत्तीस तासांची ड्यूटी नाही. मग तिचे अकरा कुठून आले?

ते लातूरहून आले असं माझं मत आहे! रागावू नका लातूरकर. लातूर पॅटर्नचं मलाही कौतुक आहे. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची, शिक्षकांची किती पोरं त्यामुळे डॉक्टर झाली. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी मूल लातूरला खोली घेऊन राहतं. पहाटे क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, रात्री अभ्यासिका. २०१६ पासून नीट सक्तीची झाली, तसा हा काच आणखी आवळला. दोन वर्षांत त्याची झोप जी मोडते ती पुढे बसतच नाही. प्रवेश मिळाल्यावर पहिली परीक्षा येते तेव्हा त्याला दुसरी पद्धतच माहीत नसते. रात्री जागून रटायचं, पहाटे चहा मारायचा. मेस दहाला बंद, म्हणून बाराला गेटबाहेर मॅगी. मग उशाशी मोबाईल. तो तर मी हातात घेतला की मलाही बारा वाजतात, पोरांना काय बोलू?

चहाचं एक सांगतो, नातीनंच समजावलं. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, त्यानं झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्या द्रव्याची बसायची जागा अडवून बसतं. झोप जात नाही, फक्त तिचा निरोप पोचत नाही. आणि घेतलेल्या कॅफिनातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री ११ चा चहा पहाटे ४ ला अजून निम्मा अंगात असतो. हे तिनं मला रात्री साडेअकराला चहा पीत पीत सांगितलं.

मला मास्तर म्हणून सगळ्यात आवडला तो १९२४ चा प्रयोग. कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच राहायला ठेवलं. त्यांना दहा दहा निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला द्यायचे. कधी पाठ करून झोपू द्यायचं, कधी दिवसभर जागं ठेवायचं. मग विचारायचं. आठ तासांनी, झोपून उठल्यावर निम्म्याहून अधिक आठवत होते, जागं राहिल्यावर जेमतेम एखादा. शंभर वर्षं झाली या गोष्टीला! आणि ज्यांना मेंदूचा अभ्यास करायचा आहे तीच पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री झोपत नाहीत.

आपल्या सरकारला झोपेचं काही कळत नाही असंही नाही. २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की लहान मुलांची झोप होत नाही, शाळेच्या वेळा बदला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय निघालासुद्धा, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत. चौथीच्या मुलाची झोप सरकारला दिसली. अकरावीच्या मुलाची दिसायला अजून किती वर्षं लागतील?

आता ज्या शब्दानं सुरुवातीला मथळा दिला त्याकडे. जागल. शहरातल्या भाचे-पुतण्यांसाठी सांगतो, रात्री शेताची, खळ्याची राखण करायची ती जागल. आमच्या केज भागात ज्वारीच्या खळ्यावर रास पडली की जागल असायची. पण एक लक्षात घ्या, जागलीला पाळी असायची. आज आपण, उद्या चुलते, परवा शेजारचा भावकीतला, सावडीनं. आणि जो जागला तो दुसऱ्या दिवशी झोपायचा. माझे वडील सकाळी खळ्यावरून येऊन भाकरी खायच्या आधीच ओसरीवर आडवे व्हायचे आणि आई आम्हाला दटावायची, "गप बसा रे, जागलीचा माणूस झोपलाय." त्यांना आळशी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गंमत म्हणजे वाग्भटानं अष्टांगहृदयात हेच सांगून ठेवलंय. रात्री जागरण झालं तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी झोपा, आणि तेही जेवणाच्या आधी. वडिलांनी वाग्भट काही वाचला नव्हता. चरकानं आहार, झोप आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारखांब सांगितले. म्हणजे जागरण होणार हे जुन्या लोकांनी धरलेलंच होतं. वैद्याला रात्री बोलावणं येणारच, बाळंतपण काय घड्याळ पाहून होतं? पण जागरण हे एक काम आहे, त्याची पाळी असते आणि ते फेडायचं असतं, ही समज होती. हॉल्स्टेडच्या रीतीत ते फेडणं गळालं आणि जागणं हा चारित्र्याचा दाखला झाला.

बीड जिल्ह्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट खुपते, तीही लिहितो. दसरा झाला की आमच्याकडून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, मुकादम डोक्यावर असतो. बाई पहाटे तीन-चारला कोपीत उठून भाकरी थापते, मग दिवसभर तोड आणि मोळ्या, आणि गाडी आली की रात्री कितीही वाजता ती भरायची. जे गावात राहिले त्यांचं काय? एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्री दोनला थ्री फेज आली की कुडकुडत, साप-विंचवात दारं धरायला जायचं. या घरांतूनही पोरं डॉक्टर होतात. त्यांना हॉस्टेलात कुणी विचारलं की झोप होते का, तर ती म्हणणार, माझी माय तरी कुठं झोपते? म्हणूनच ही पोरं तक्रार करत नाहीत आणि म्हणूनच त्यांच्यावर पाळ्या लादणं सोपं जातं. एकाची झोप मोडते म्हणून दुसऱ्याची मोडावी, हा हिशेब मला मान्य नाही. तोडीवरच्या बाईची झोप हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहिणार आहे.

शेवटचं २०२४ साल. ९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. लांबलचक ड्यूटीत जरा पाठ टेकायला ती मुलगी सेमिनारच्या खोलीत गेली होती, आणि तिथेच तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. चर्चा सुरक्षेची झाली, व्हायलाच हवी होती. पण डॉक्टरला झोपायला सेमिनारची खोली का शोधावी लागते, हे फार थोड्यांनी विचारलं. त्याच सुमाराला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यावरचा अहवाल आला. त्यांच्या पाहणीत पदव्युत्तर शिकणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांनी साप्ताहिक सुट्टी मिळत नाही असं सांगितलं. अहवालाची शिफारस अशी की रोज ७ ते ८ तास झोप, आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि एक दिवस सुट्टी.

१९९२ ला ४८, २०२४ ला ७४. बत्तीस वर्षांत आपण कागदावरसुद्धा मागे आलो, पण निदान खरं बोलायला लागलो असं म्हणू. मास्तराचा हिशेब बघा. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७४ वजा केले, राहिले ९४. आठ तासांप्रमाणे झोपेचे ५६ काढले, राहिले ३८. त्यात आंघोळ, जेवण, कपडे, अभ्यास, घरी एक फोन. ओढूनताणून बसतं. आता १०० तासांची ड्यूटी धरा, जी मुलं सर्रास सांगतात. ६८ उरतात, झोपेचे ५६ गेले की १२. दिवसाला पावणेदोन तास सुद्धा नाहीत. मग माणूस कापतो ते झोपेतूनच.

आपल्या नात्यात आणि वाचकांत औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) १९५६ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयात शिकलेले, अंबाजोगाईच्या पहिल्या तुकड्यांतले कुणी असतील तर त्यांनी आपल्या हॉस्टेलच्या आणि ड्यूटीच्या रात्रींविषयी जरूर कळवावं. किती जागलात, दुसऱ्या दिवशी झोपू दिलं का, आणि सिस्टरनं कधी हात धरला का, एवढं तरी लिहा. नावं छापणार नाही.